चार हातांची बाई

जाड वायर ती चांगली वायर, हे माझं मत त्या काळी इतकं पक्कं होतं की ते एकदा तपासून बघावं असंही मला कधी वाटलं नाही. वायरींचे तुकडे, स्क्रू, प्लग, मेलेल्या रेडिओंची कॉइलं, जे हाताला लागेल ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवायचो. लहानपणापासूनची खोड. दोन तारा दिसल्या की चिमटीत धरून पीळ दिल्याशिवाय मला राहवायचं नाही. पुढे सरकारी कचेरीत कारकून झालो, रोज एसटीने रत्नागिरीला जाऊ-येऊ लागलो, घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तरी खोड तशीच. आई पाहुण्यांदेखत म्हणायची, "ह्याला मुलगी कशाला दाखवता? तारेचा वेटोळा दाखवा, लगेच हो म्हणेल."

आमचं घर पालीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, सड्याच्या खाली. सडा म्हणजे वर जांभ्याचं उघडं पठार, आणि त्याच्या कुशीत आमची दहा-बारा घरांची वाडी. पावसाला आणि वाऱ्याला ही जागा फार चांगली; टीव्हीला अगदी वाईट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागून काही वर्षं झाली होती, पण आमच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. सगळं सड्यावरून, डोक्यावरून निघून जायचं. त्याचं मला काही दुःख नव्हतं. मला रेडिओ पुरे होता.

टीव्ही हवा होता तो माझ्या बहिणीला.

ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरात सगळे तिला बाय म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. सहा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तेव्हा ऐकू येणं गेलं होतं. मग तिला घाटावरच्या एका निवासी शाळेत ठेवलं. तिथल्या बाई ओठ वाचायला शिकवायच्या आणि मुलींनी हात हलवले की रागवायच्या. हातांची भाषा बाय शिकली ती वसतिगृहात, मोठ्या मुलींकडून, दिवे गेले की खिडकीच्या उजेडात. दहावी करून ती घरी आली तेव्हा तिच्यापाशी एक अख्खी भाषा होती, आणि वाडीत ती बोलायला एक माणूस नव्हतं.

आम्ही तिच्याशी कसे बोलायचो? मोठ्याने. आज हसू येतं, पण खरंच मोठ्याने बोलायचो. ते जमलं नाही तर पाटीवर लिहायचं. दारामागे खिळ्याला एक पाटी कायमची टांगलेली असे. बाय सुरुवातीला हात हलवून काही सांगू बघायची. आईला ते चारचौघांत बरं वाटत नसे. मलाही वाटत नसे. उगाच सगळं आईवर ढकलत नाही. आम्ही नुसती मान हलवायचो. हळूहळू तिचे हात घरात गप्प झाले.

मग दिवाळीनंतर तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीचं पत्र आलं. ते तिने मला वाचायला दिलं, हेच नवल, कारण तिची पत्रं ती कुणाला दाखवत नसे. लिहिलं होतं, की रविवारी दुपारी टीव्हीवर बातम्या हातांनी सांगतात. आम्ही सगळ्या आपापल्या घरी बघतो आणि मग एकमेकींना पत्रं लिहितो. तू एकटीच काही लिहीत नाहीस. पत्र वाचून झाल्यावर बायने पाटीवर मला एवढंच लिहिलं, "दादा, करशील?"

तिने मागितलेली अशी ही पहिलीच गोष्ट. मी छाती काढून हो म्हटलं. तारांचंच काम, म्हणजे माझंच राज्य.

मुंबईच्या काकांनी रंगीत टीव्ही घेतला होता. त्यांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट संच त्यांनी गोधडीत गुंडाळून एसटीच्या टपावर चढवून पाठवला. सोबत त्यांच्या गच्चीवरून उतरवलेली अँटेना आणि जुन्या केबलचं भेंडोळं. ही केबल करंगळीहून बारीक, काळी, उन्हाने वरून तडकलेली. मी तिच्याकडे नाक मुरडून पाहिलं. शिवाय ती पुरणारी नव्हती. अँटेना सड्याच्या कडेवर उभी करायची, तर तिथून घरापर्यंत केबल हवी, आणि नवी एवढी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी बंदरावर गेलो. मोडीत काढलेल्या एका लाँचचं सामान भंगारवाल्याकडे पडलं होतं, त्यात वायरलेसची केबल मिळाली. अंगठ्याएवढी जाड! आत तांब्याचा भरदार गाभा, त्याभोवती पांढरा थर, त्यावर तांब्याची घट्ट जाळी. आणि टोकांना पितळेचे आट्यांचे कनेक्टर, हातात घेतले की वजन जाणवावं असे. मी ते घरी आणून चिंचेने घासले. देवघरातल्या समईपेक्षा जास्त चमकले.

मग मी काय केलं ते सांगतो. वरचा, उघड्यावरचा अर्धा पल्ला जाड केबलचा, खालचा अर्धा बारीक केबलचा. मध्ये जोडाला ते पितळेचे कनेक्टर. बारीक केबलचा गाभा त्या कनेक्टरच्या पिनीत सैल हलत होता, म्हणून मी तांब्याच्या केसांएवढ्या तारा भरून तो आवळला. जाळी बाहेरून पिळून बांधली. वर चिकटपट्टी, आणि दवाचं पाणी आत जाऊ नये म्हणून जोडावर नारळाची करवंटी पालथी घालून बांधली. वाडीतले लोक येऊन बघून गेले. शेजारचे काका म्हणाले, "ही वायर शंभर वर्सं जायची नाय." मला तर त्या शंभर वर्षांतलं एकेक दिसायला लागलं.

आता अँटेना फिरवायची. आमच्याकडे एकमेकांना वरून खाली हाका मारायची पद्धत जुनीच. गुरं हरवली, कुणी पाहुणा आला, की सड्यावरून हाक आणि वाडीतून हाकेला हाक. मी वर अँटेनाच्या बांबूशी, शेजारचे काका मधल्या आंब्याखाली, आई दारात. मी ओरडायचो, "आला काऽऽय?" काका तेच खाली ओरडायचे. आई आत डोकं घालून बाहेर यायची आणि म्हणायची, "नाऽऽय!" मग थोडं फिरवायचं. शेवटी एकदा आईची हाक आली, "आला, आला! घणघणीत आला!" काकांनी ती वर पोचवली. मी बांबू आवळला आणि धावत खाली आलो.

खरंच छान आलं होतं. आवाज तर असा, की अंगणात बसून ऐकावा. माणसांच्या बाजूला त्यांचीच एक फिकी सावली दिसत होती, पेरभर सरकलेली, पण त्याचं काय एवढं! रविवारी दुपारी अर्धी वाडी आमच्या पडवीत. बायला सगळ्यांत पुढे पाट दिला. पडद्यावर एक बाई आली आणि हात हलवू लागली. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, बायकडे पाहत होतो. तिने पुढे सरकून बघितलं. डोळे बारीक केले. मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. पाचेक मिनिटांनी ती उठली आणि मागच्या पडवीत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

माझा संताप झाला. चार रविवार मी सड्यावर उन्हात राबलो होतो, हाताला फोड आले होते, आणि हिला पाच मिनिटं बसवेना! मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि भुवया उडवल्या. तिने तांदळाचा हात झटकला, पाटी घेतली आणि लिहिलं, "तिला चार हात आहेत."

मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो आणि पडवीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी म्हणालं, देवी प्रसन्न झाली म्हणायची. हशा पिकला. हसण्याचं कारण बायला ऐकू जात नव्हतं, पण हसणारी तोंडं दिसत होती. ते आठवलं की आजही मला माझा राग येतो.

पुढचे दोन रविवार मी सगळा दोष डोंगराला दिला. सिग्नल समोरच्या डोंगराला आपटून दुसऱ्यांदा येतोय, असं मी काकांना समजावलं. तेही मान हलवायचे. परत अँटेना फिरवली, बांबू वाढवला, परत "आला काय?" आणि परत "घणघणीत!" सावली काही जाईना. बाय आता पडवीत येतच नव्हती. मैत्रिणीचं आणखी एक पत्र आलं, ते तिने मला दाखवलं नाही. आई म्हणाली, "आवाज एवढा चांगला येतोय. आता आनि काय होवं तिला?" हे बोलून आई उगाच चूल फुंकू लागली. मला वाटतं तिलाही ते कानाला खटकलं असावं, पण आम्ही दोघांनी विषय बदलला.

शेवटी मी तो पितळेचा जोड केबलच्या हात-हात तुकड्यांसकट कापून घेतला आणि रत्नागिरीला एका ओळखीच्या चाचांकडे नेला. चाचांचं सगळं आयुष्य जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलं होतं. निवृत्त होऊन बंदराजवळच्या घरात राहायचे. जोड त्यांनी हातात घेतला, करवंटी बाजूला केली आणि पहिल्यांदा म्हणाले, "वा, ही करवंटी बेस हाय." मी खूश झालो. मग त्यांनी चष्मा लावला, जाड केबलवरची कित्येक वर्षांची घाण थुंकीने पुसली आणि पुसट अक्षरं वाचली. तसंच बारीक केबलचं केलं.

"ही पन्नास ओहमची," ते जाड तुकडा दाखवून म्हणाले, "आनि ही पंचाहत्तरची. जहाजाची वायर टीव्हीला लावलीस तू."

मी म्हटलं, "पण चाचा, जाड आहे. तांबं बघा किती आहे."

"जाड हाय म्हणून काय झालं? तुमच्याकडे बागेत पाणी पन्हळीने नेतात ना? रुंद पन्हळ अरुंद पन्हळीला जोडली तर काय होतं?"

"पाणी जोडावर उसळतं. मागे येतं."

"ह्यातपण तेच. जोडावर आलं की थोडं मागं फिरतं, वर जाऊन पुना खाली येतं. घरात पोचतं तेव्हा जरासा उशीर झालेला असतो. ती तुझी सावली. डोंगराने काय नाय केलेलं तुला." त्यांनी जोड पिळून उघडला. आत माझ्या भरलेल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. "वायर वजनावर घ्यायची नसते. वरती लिहिलेलं वाचायचं असतं."

मग त्यांनी विचारलं, "पण अँटेना फिरवताना चित्र बघत कोण होतं?"

मी सांगितलं, आई.

"आई बघत होती, का ऐकत होती?"

एसटीने परत येताना पालीच्या वळणांवर मी तोच प्रश्न घोळवत होतो. सड्यावरून खाली आणि खालून वर आम्ही तिघं ऐकू येणारी माणसं ओरडत होतो, आणि हे सगळं जिच्यासाठी चाललं होतं ती खिडकीत उभी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. तशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

चाचांनी त्यांच्या डब्यातून मला पाच-सहा वस्तू काढून दिल्या होत्या. बारीक केबलच्याच मापाचे जोड, अँटेनाच्या पाठी बसवायची छोटी डबी, टीव्हीच्या मागे लागते ती बोटाच्या पेराएवढी पिन. सगळ्या जुन्याच, आणि दिसायला अगदी दळभद्री. पुढच्या शनिवारी मी मुंबईच्या काकांच्या गच्चीवरची ती बारीक केबल अंगणात पसरली आणि हातभर-हातभर तपासली. जिथे साल तडकली होती तिथे आतली जाळी काळी पडलेली. तो भाग कापायचा, पुढे तांबं लख्ख दिसेपर्यंत कापत जायचं. कापताना जीव तुटत होता, पण कापलं. गाभा पिनीत बरोबर बसतो का ते बघून कथलाचा डाग दिला, जाळी नीट मागे वळवून कडीखाली दाबली. पीळ कुठेही दिला नाही. करवंट्या मात्र प्रत्येक जोडाला घातल्या.

जाड केबल वगळल्यावर लांबी अर्थातच कमी पडली. सड्याची कड आता गाठता येत नव्हती. अँटेना खाली, काजूच्या टप्प्यावर आणावी लागली. काका म्हणाले, "हितं काय येणार, कप्पाळ?" त्यांचं चूक नव्हतं.

ह्या वेळी मी आईला दारातून उठवलं. बायला टीव्हीसमोर बसवलं आणि पाटीवर लिहिलं, "तू सांग. मी वरून बघतो." खिडकीतून काजूचा टप्पा दिसतो. तिने दोरीवरचा पांढरा पंचा ओढला. आमचं काही ठरलं नव्हतं, पण पहिल्या मिनिटात मला कळलं: पंचा डावीकडे म्हणजे डावीकडे, उजवीकडे म्हणजे उजवीकडे, खाली सोडला म्हणजे चूक. मी बोटभर फिरवायचो, ती आत बघायची, पंचा हलायचा. काका आंब्याखाली बिनकामाचे उभे होते. सवयीने त्यांनी दोनदा "आला काय?" म्हणून ओरडून बघितलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग एकदम पंचा दोन्ही हातांनी वर गेला आणि वरच राहिला.

मी खाली आलो तेव्हा आई आणि काका टीव्हीसमोर उभे राहून हळहळत होते. "होतं तेपण घालवलंस," आई म्हणाली. आवाज खरखरत होता. पडद्यावर मुंग्या आल्या होत्या, भरपूर. आधीचं चित्र त्यामानाने कितीतरी उजळ होतं. मी बायकडे पाहिलं. तिने पडद्यावरच्या माणसाच्या नाकावर बोट ठेवलं आणि मग एकच बोट मला दाखवलं. एकच नाक. सावली गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई आली. मुंग्यांच्या गर्दीत, पण दोन हातांची. पडवीत आम्ही तिघंच होतो. बाय पाटावर बसली होती आणि पहिली काही मिनिटं हललीच नाही. मग तिची बोटं मांडीवर हलायला लागली. मग हात वर आले. ती बाई सांगत होती आणि बाय मधूनमधून तिला उत्तर देत होती, मान उडवत होती, एके ठिकाणी तर तिने हात झटकून 'काहीतरीच!' असं केलं आणि हसली. घरात चार वर्षांत मी तिचे हात असे चाललेले पाहिले नव्हते. ती एवढी बडबडी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. आवाज खरखरत होता, म्हणून मी उठून तो बंदच केला.

कार्यक्रम संपला. बाय माझ्याकडे वळली आणि हातांनी काहीतरी म्हणाली. भराभर, चार-पाच गोष्टी एकापाठोपाठ. मी नेहमीसारखी मान हलवली.

ती थांबली. ही मान ती सोळा वर्षं बघत होती. तिने रागावून पाटी घेतली नाही. तेच सगळं पुन्हा केलं, सावकाश. त्यात एक खूण होती: दोन चिमट्या समोरासमोर धरून एकमेकींच्या उलट पिळायच्या. ती करून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला कळेना. तिने पुन्हा केलं, पुन्हा बोट माझ्याकडे. मी पाटी आणून दिली. तिने लिहिलं, "हे तुझं नाव."

मी विचारलं, कधीपासून? ते ओठांवरूनच तिला कळलं असावं. तिने लिहिलं, "वसतिगृहात गेले तेव्हापासून. सगळ्या मुलींना माहीत आहे. पत्रात विचारतात, तो कसा आहे."

घाटावरच्या त्या पोरी, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, मला नावाने ओळखत होत्या. तिने मला ते नाव लहानपणीच देऊन टाकलं होतं, आणि तिच्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी सड्यापर्यंत केबल ओढली होती, आणि समोरासमोर बसून तिच्या हातांकडे एकदा नीट पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आई उगाचच मोठ्याने विचारत होती, "काय म्हणतेय ती? काय म्हणतेय?"

मी दोन चिमट्या धरल्या आणि माझं नाव घेऊन बघितलं. बायने मान हलवली, नाही. पुढे सरकून तिने माझी बोटं धरली. मी पीळ उलटा देत होतो. तिने तो सरळ केला.